वडील सुतार होते, पण लेखणी ‘कष्टाळू’ या शब्दापुढे सरकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सुतार, ४१ वर्षं काम केलं, दोन महिन्यांपूर्वी गेले. मुलीला स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायचंय आणि घरच्यांसाठी एक छोटी पुस्तिका करायचीय. ‘कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबवत्सल’ एवढं लिहून झालं आणि पुढे काही सुचेना. भाऊ म्हणतो, बाबांना कधी पुरस्कार नाही की कुठे नाव छापून आलं नाही, मग लिहायचं काय? आई या विषयावर बोलतच नाही. शिवाय कामाच्या खोलीत एक अर्धवट स्टूल पडलंय, त्याचं काय करावं तेही कळत नाही.

ताई, गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय. गेलेल्या माणसांवर घरच्यांकडून लिहून घ्यायचं, त्यांना जमत नसेल तर त्यांच्याशी बोलून लिहून द्यायचं. यात गवंडी, फिटर, शिंपी, वेल्डर, सुतार असे हाताने काम करणारेच जास्त आले. प्राध्यापकांवर लिहिणं सोपं जातं, कारण त्यांनी स्वतःबद्दल आधीच बरंच लिहून ठेवलेलं असतं. कारागीर काही लिहून ठेवत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं की लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

मीही असाच एक लेख बिघडवलाय, आणि तो माझ्याच वडिलांवरचा. ते टर्नर होते, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातून सुटे भाग करणारे. एकाच लेथवर ३१ वर्षं. मी दोन पानं लिहिली, सभेत वाचली, लोकांनी डोळे पुसले. नंतर त्यांच्या शेजारच्या मशीनवरचे काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “चांगलं लिहिलंस रे, पण यात लेथ कुठंय?” मी कागद पुन्हा पाहिला. खरंच नव्हता. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत माणूस ज्याच्यासमोर उभा राहिला, ते मशीन त्याच्या आयुष्याच्या कहाणीतून मी गाळून टाकलं होतं. त्याऐवजी ‘मितभाषी’ आणि ‘निगर्वी’ हे शब्द दोनदोनदा आले होते.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही कंसात, जाता जाता एक वाक्य लिहिलंय : ‘माझं अभ्यासाचं टेबलही त्यांनीच केलं होतं, मी वाढले तसे पायांखाली ठोकळे लावून ते उंच करत गेले.’ हा कंस काढा. तुमचं लिखाण इथूनच सुरू होतं. ते टेबल अजून घरात असेल तर आज उलटं करून बघा. ठोकळे किती वेळा बदलले, त्याच्या खुणा दिसतील. ठोकळे स्क्रूने लावलेत की सरसाने चिकटवलेत, हे बघा. चिकटवले असतील, तर त्या त्या वेळची गरज भागवली. स्क्रूने लावले असतील, तर पहिला ठोकळा लावतानाच त्यांच्या मनात होतं की मुलगी वाढणार आहे आणि हा काढून मोठा लावायचाय. दोन्ही छानच आहे, पण दोन्हींतून दिसणारा माणूस थोडा वेगळा आहे, आणि तुम्हाला लिहायचंय ते नेमकं तुमच्या बाबांबद्दल. प्रत्येक ठोकळ्याची उंची मोजा आणि मिलिमीटरमध्ये लिहा. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द मग लागणारच नाही.

बहुतेक लोक अशा लेखाचे दोन भाग करतात. आधी ‘कामातले बाबा’, मग ‘घरातले बाबा’. माझं मत स्पष्ट आहे, असं करू नका. कारागिराच्या बाबतीत ही भिंत नसतेच. तो घरात आला तरी त्याचे हात तेच असतात. बोलून दाखवणं ज्याला जमत नाही, तो दाराची करकर घालवतो, खुर्चीचा डुगडुगणारा पाय नीट करतो. काम आणि घर जिथे एकत्र येतात अशा चारपाच जागा शोधा. तुमच्याकडे एक आहेच.

त्या सापडण्यासाठी सगळ्यात आधी हत्यारांकडे जा. माणसांशी नंतर बोला. घाई यासाठी की हत्यारं लवकर हलतात. कुणीतरी आठवण म्हणून रंधा नेतो, कुणी करवत मागतो, आणि महिन्याभरात पेटी रिकामी होते. काहीही हलवण्याआधी पेटीचा आणि भिंतीचा, आहे तसा फोटो काढा. कोणतं हत्यार हाताशी होतं आणि कोणतं तळाला, यावरून कोणतं काम रोजचं होतं ते कळतं. मग एकेक हातात घ्या. पटाशीच्या मुठीवर अंगठा कुठे टेकायचा, तिथे लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालेलं असेल. लाकडी हातोडा एकाच बाजूने झिजलेला असेल. रंध्याचं पातं बाहेर काढा आणि त्याच मापाच्या नव्या पात्याशेजारी ठेवा. पातं पुन्हा पुन्हा दगडावर घासून धार काढली की दर वेळी कणभर आखूड होतं. चाळीस वर्षांचं काम असं सेंटीमीटरमध्ये मोजता येतं. भावाला ‘मोठं असं काही’ हवं असेल, तर त्याला हा फरक दाखवा.

एक विनंती. हत्यारं चकचकीत करू नका. मुठींवर पॉलिश पेपर अजिबात मारू नका, कारण तीच त्यांच्या हाताची खूण आहे. लोखंडावरची धूळ कोरड्या कापडाने पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा, दमट जागी ठेवू नका. बास.

त्यानंतर त्यांनी केलेल्या वस्तू बघा, पण मागून आणि खालून. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे बघा. खिळे आहेत की डव्हटेल सांधा, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारे दात एकमेकांत अडकवून केलेला जोड? डव्हटेल असेल तर त्याच्या दातांचा उतार बघा. नरम लाकडाला साधारण सहास एक (सहा भाग लांबीला एक भाग तिरपा), कठीण लाकडाला आठास एक, अशी जुनी रीत आहे. उतार फार ठेवला तर दाताची टोकं तुटतात, फार कमी ठेवला तर सांधा ओढला की सुटतो. बरेच जुने कारागीर हा उतार न मोजता नजरेने आखतात. दातांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ अजून दिसत असेल, तिचा फोटो घ्या.

टेबलाच्या फळीखालीही एक गोष्ट तपासा. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. त्यामुळे फळी चौकटीला घट्ट आवळून टाकली की काही ऋतूंनंतर तडा जातो. जाणता सुतार स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. हे वरून कुणालाच दिसत नाही आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही. तुमच्या बाबांनी अशी लांबट भोकं ठेवली असतील, तर ‘प्रामाणिक’ असं लिहू नका. भोकाबद्दल लिहा, आणि ते का लांबट आहे ते दोन ओळींत सांगा. ऐकणाऱ्याला जे समजायचं ते तो समजेल.

भावाच्या शंकेसाठी एक उदाहरण देतो. इंग्लंडमधला जॉन हॅरिसन, जन्म १६९३, सुताराचा मुलगा आणि स्वतः सुतार. समुद्रावर अचूक चालणारं घड्याळ करणारा माणूस म्हणून जग त्याला ओळखतं. मला मात्र त्याचं त्याआधीचं एक काम जास्त आवडतं. १७२०च्या सुमारास त्याने ब्रॉकल्सबी पार्क इथे तबेल्यासाठी एक लाकडी घड्याळ केलं. त्या काळचं तेल घट्ट व्हायचं आणि घड्याळं अडायची. हा सुतार असल्यामुळे त्याला लिग्नम व्हिटे नावाचं, मुळातच तेलकट असलेलं लाकूड माहीत होतं. घासणारे भाग त्याने त्या लाकडाचे केले आणि तेलाची गरजच काढून टाकली. ते घड्याळ अजून चालतं. पुढे १७६१ मध्ये त्याचं चौथं सागरी घड्याळ चाचणीसाठी जमैकाला निघालं तेव्हा तो ६८ वर्षांचा होता. घड्याळ सांभाळत जहाजावर गेला तो त्याचा मुलगा विल्यम. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की हॅरिसनला मोठेपणा नंतर मिळाला, पण त्याचं डोकं आधीच त्या लाकडाच्या निवडीत दिसत होतं. तुमच्या बाबांनीही कुठेतरी ‘हे लाकूड इथे नको, ते घ्या’ असं कुणाला सांगितलं असेल. ते आठवा. त्यांचा विचार तुम्हाला तिथे सापडेल.

आता माणसं. सर्वात आधी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांकडे जा, नातेवाइकांकडे नंतर. नातेवाईक तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतात. हाताखालच्याने ओरडा खाल्लेला असतो, त्यामुळे त्याचं बोलणं नेमकं असतं. पण ‘बाबा कसे होते?’ असं विचारलंत तर तोही ‘देवमाणूस होते’ म्हणून गप्प बसेल. त्याला विचारा, पहिल्या दिवशी त्यांनी तुला काय काम दिलं? कशावरून चिडायचे? कोणतं काम त्यांनी घ्यायलाच नकार दिला? तुझं चुकलेलं काम त्यांनी फेकलं, की स्वतः दुरुस्त केलं? गिऱ्हाइकासमोर तुला बोलायचे, की ते गेल्यावर?

आणि ही मुलाखत खुर्चीवर बसून घेऊ नका. कामाच्या खोलीत घ्या, त्याच्या हातात तो रंधा द्या, एक फळी द्या. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडलं होतं की माणसाला जेवढं सांगता येतं, त्याहून जास्त त्याला ठाऊक असतं. कारागिराचं ज्ञान बहुतेक याच प्रकारचं. ते जिभेवर नसतं, मनगटात असतं. एकदा एका गवंड्यावर लिहिताना त्यांच्या शिष्याशी मी तासभर बोललो आणि हाती काही लागलं नाही. मग सहज त्यांच्या हातात ओळंबा दिला. त्यांनी दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “उस्ताद असं बघताना श्वास रोखायचे.” तासाभराच्या रेकॉर्डिंगमधलं मी वापरलं ते एवढंच. फोनवर रेकॉर्डिंग लावून बाजूला ठेवा आणि मध्ये बोलू नका. रंध्याचा आवाजही येऊ द्या. पुढे कधीतरी तुमच्या मुलांना तो ऐकावासा वाटेल.

मापांच्या वह्या सापडतील. लाकडाच्या तुकड्यांवर, दाराच्या मागे, भिंतीवरसुद्धा पेन्सिलीने आकडे लिहिलेले असतील. सगळ्यांचे फोटो घ्या. पुस्तिकेत एखादं पान जसंच्या तसं छापा आणि त्यांचं शुद्धलेखन सुधारू नका. वहीत कुणाकडे किती पैसे राहिले अशी यादी असेल, तर ती नावं मात्र छापू नका. तो हिशेब त्यांनी चारचौघांत काढला नव्हता, आपणही काढू नये.

आईंना मुलाखतीला बसवू नका. त्या बोलत नाहीत याचा अर्थ त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असा होत नाही. त्यांच्यासोबत एखादं काम करत बसा. कपाट आवरा, बाबांचे कपडे घड्या करा. खिशातून भुसा निघेल, पेन्सिलीचं बुटकं टोक निघेल. काही विचारलंच, तर एक साधा प्रश्न विचारा : ते आलेत हे तुला दार उघडण्याआधी कशावरून कळायचं? या प्रश्नाला मला आजवर उत्तर मिळालं नाही असं क्वचितच झालंय. कुणाला खोकला आठवतो, कुणाला हत्यारांची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. उत्तर आलं की लगेच कागद काढू नका. रात्री लिहा.

तुम्ही शेवटी थोड्या संकोचाने लिहिलंय की बाबा घरात फार मोठ्याने बोलायचे, लहानपणी तुम्हाला भीती वाटायची, आणि हे लिहावं की नाही कळत नाही. माझं म्हणणं, लिहा. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतली निओश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ८५ डेसिबल सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. विजेवरच्या गोल करवतीचा आवाज सहज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कानाला काही न लावता वर्षानुवर्षं तिच्याशेजारी उभं राहिलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागतं, आणि त्याला ते कळायच्या आधी घरच्यांना त्याचा आवाज चढलेला जाणवतो. तुमच्या बाबांचं असंच झालं होतं, असं मी इथून सांगू शकत नाही. टीव्हीचा आवाज ते किती ठेवायचे, गर्दीत बोललेलं त्यांना कळायचं का, हे आईला विचारा. आणि हे कारण निघालं म्हणून तुमची लहानपणची भीती खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहा. निव्वळ रागही असू शकतो, तर तसं लिहा. एखादा दोष नसलेला माणूस वाचणाऱ्याला ओळखीचा वाटत नाही, आणि सभेत समोर बसलेले निम्मे लोक त्यांना ओळखत असतात.

भावाबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, पण त्याने हा धंदा पुढे चालवला नाही एवढं कळतं. ‘मोठं असं काही केलं नाही’ या वाक्यात बाबांपेक्षा त्याचं स्वतःचं काहीतरी बोलतंय असं मला वाटतं. चुकत असेन. त्याच्याशी वाद घालू नका. पुस्तिकेत त्याला त्याचं एक पान द्या, त्याच्या नावाने, आणि तुम्ही ते तपासू नका. दोन भावंडांचे बाबा कधीच सारखे नसतात. दोघांची आठवण मिळून एक लेख करायला गेलात तर दोघांचीही धार जाते.

उरलेलं पटकन सांगतो. जन्मतारीख, कामाची सुरुवात वगैरे कागदपत्रांवरून तपासून घ्या, आठवणीतली वर्षं हमखास एकदोनने चुकतात. ‘हजारो दारं-खिडक्या केल्या’ असं लिहू नका. वहीवरून मोजता आलं तर आकडा द्या, नाहीतर एकाच दाराबद्दल लिहा. जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. स्कॅन आणि रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

पाच मिनिटांसाठी साडेचारशे शब्द पुरे. घरी वाचून बघताना ते चार मिनिटांत संपतील, सभेत संपणार नाहीत, कारण मध्ये थांबावं लागेल. अक्षर मोठं छापा, एक प्रत मैत्रिणीकडे द्या. तुमचा आवाज अडकला तर तिने पुढच्या ओळीपासून सुरू करावं, हे आधीच ठरवून ठेवा. सुरुवात ‘माझे बाबा’ अशी न करता टेबलापासून करा. ‘मी पहिलीत होते तेव्हा माझ्या टेबलाची उंची इतकी होती’, असं. पुढे टेबल जसं वाढेल तसं बाकीचं येत जाईल, आणि विशेषणं आली तरी दोनतीनच येतील.

आता स्टूल. तुम्ही म्हणता तीन पाय बसवलेत, चौथा नुसता घडवून बाजूला ठेवलाय. ते कुणासाठी चाललं होतं, हे आधी शोधा. गिऱ्हाइकाचं असेल तर त्यांना विचारायला हवं, बहुतेक वेळा ते म्हणतात तुम्हीच ठेवा. घरासाठी असेल तर निर्णय आईंचा, आणि त्यांना घाई करू नका. काही घरांत अशी वस्तू तशीच ठेवतात, त्यातही काही चूक नाही. पूर्ण करायचं ठरलं तर बाहेरच्या सुताराला देऊ नका, त्यांच्या हाताखालच्याला बोलवा. सरस लावण्याआधी चौथ्या पायाचा आणि त्याच्या खाचेचा फोटो घ्या, कारण जोडल्यावर त्यांनी आखलेली रेघ आत जाईल. त्या कारागिराला सांगा, पाय नवा करू नकोस, त्यांनी घडवलाय तोच बसव, थोडा सैल वाटला तरी पाचर मारून बसव. आणि झाल्यावर बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने दोघांची नावं आणि दोन तारखा लिहून घ्या, सुरू केल्याची आणि संपवल्याची. सुरू केल्याची तारीख वहीत सापडेल.